रोटरी कटर हातात घेतला की बोटं आखडतात! क्विल्टसाठी सरळ कापायला कसं शिकायचं?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. मशीनवरचं शिवणकाम मला बऱ्यापैकी येतं: पिशव्या, अभ्रे, पडदे, एखादा साधा झबला. बहिणीला दिवाळीच्या सुमारास बाळ होणार आहे, त्याच्यासाठी चौकोन जोडून एक क्विल्ट (थरांची गोधडी) करायचं डोक्यात आहे. साधारण ३६ बाय ४२ इंच. सुती कापड आणलं, धुऊन इस्त्री केलं. ४५ मिमीचा रोटरी कटर, साडेसहा बाय २४ इंची अ‍ॅक्रिलिकचा रूलर आणि खाली ठेवून कापायची १८ बाय २४ ची मॅटही आली. आता हे सगळं कपाटात आहे आणि मी बाहेर.

खरं कारण म्हणजे कटरची भीती वाटते. कात्रीची कधी वाटली नाही, पण हे उघडं गोल पातं बघितलं की बोटं आखडतात. एका जुन्या चादरीवर सराव करून पाहिला. रूलर अर्ध्या वाटेत सरकतो. आणि घडीवर कापलेल्या पट्ट्या उलगडल्या की मधोमध वाकलेल्या निघतात, सरळ रेष म्हणून नाहीच.

विचारायचंय ते असं: रूलर सरकू नये म्हणून काय करता? पट्टी वाकडी का येते? आणि हे जमणार नसेल तर सरळ कात्रीनेच कापू का?

खटपट्या

रूलर धरणाऱ्या हातात कापणीरोधक हातमोजा घाला. स्वयंपाकघरात भाज्या किसताना घालतात तसले मिळतात, ते चालतात. दाबल्यावरच पातं बाहेर येतं आणि मूठ सैल सोडली की आत जातं असेही कटर आहेत, भीती वाटणाऱ्यांना बरे. रूलरच्या खाली चिकटवायला घासकागदाच्या छोट्या टिकल्या. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

मापात_पाप

हातमोजा जरूर घ्या, पण त्याने पट्टी सरळ येणार नाही.

सुईदोरा, तुमचं सगळं लक्ष कटरवर आहे आणि गडबड डाव्या हातात आहे. (उजव्या हाताने कापता असं धरून चाललोय.) कटरला काही येत नाही, तो रूलरच्या कडेला चिकटून जातो. रूलर हलला नाही तर पातं दुसरीकडे जाऊच शकत नाही. म्हणून शिकायचं ते रूलर धरायला. हे ज्याला जमलं त्याची पात्याची भीती आपोआप निम्म्यावर येते, कारण बोट कुठे आहे हे त्याला न बघता कळतं.

पहिलं, उभं राहून कापा. बसून कापलं की जोर मनगटातून येतो आणि मनगट वळतं. उभं राहिलं की खांद्यातून खाली वजन पडतं. आपल्याकडची जेवणाची टेबलं साधारण ३० इंच उंच असतात, त्यावर वाकून कापलं तर तासाभरात कंबर बोलते. स्वयंपाकाचा ओटा उंचीला चांगला. मात्र बऱ्याच ओट्यांना सिंककडे किंचित उतार असतो, आणि मॅटखाली पाण्याचा थेंब जरी राहिला तरी अख्खी मॅट घसरते. आधी कोरडा पुसा.

दुसरं, तळवा रूलरवर टेकवू नका. पाचही बोटं पसरून टोकांवर उभी करा. करंगळी रूलरच्या डाव्या कडेबाहेर, कापडावर. ती ब्रेकचं काम करते. अंगठा कापायच्या कडेपासून दीड-दोन इंच आत. आता खाली दाबा, बाजूला नाही.

तिसरं, आणि तुमचा रूलर सरकतो तो इथेच: २४ इंच लांब रूलर एका जागी दाबून धरला तर दुसरं टोक फिरणारच. म्हणून एका दमात पूर्ण लांबी कापायची नाही. कटर तुमच्या बोटांच्या रेषेत आला की थांबा. कटर उचलू नका, जिथे आहे तिथेच टेकलेला राहू द्या. डावा हात पाच-सहा इंच पुढे चालवा, एकेक बोट करत. पुन्हा दाब. मग पुढे.

कटर स्वतः कसा धरायचा? पात्याची सपाट बाजू रूलरला टेकलेली, पातं मॅटला काटकोनात, मूठ तिरपी. तर्जनी मुठीच्या पाठीवर. सुरुवात कापडाच्या कडेच्या थोडं अलीकडून, मॅटवरूनच करायची, नाहीतर पहिला अर्धा इंच कापला जात नाही. नेहमी अंगापासून दूर ढकलायचं, अंगाकडे कधीच ओढायचं नाही. आणि पुढे-मागे करवतीसारखं घासायचं नाही. त्याने कापडाच्या दशा निघतात. एकदा, नेमका दाब देऊन.

पातं प्रत्येक कापानंतर बंद. फोन आला तरी, दोन सेकंदांसाठी ठेवलं तरी. मी इतरांना अनवाणी कापूही देत नाही, कारण टेबलावरून गडगडलेला उघडा कटर खाली पायावरच येतो.

कौलारू

मापात_पाप यांना अनुमोदन. वाकड्या पट्टीचं मी सांगते.

तो दोष घडीचा आहे. आपण दुकानातून आलेल्या घडीवरच कापतो, आणि ती घडी धाग्यात (विणीच्या उभ्या धाग्याला धरून सरळ) असेलच असं नाही. काप घडीशी नेमक्या काटकोनात नसेल तर पट्टी उलगडल्यावर घडीच्या जागी कोन दिसतो. काप दीड-दोन अंशांनी चुकला तरी डोळ्याला लगेच कळतं, कारण उलगडल्यावर चूक दुप्पट होते.

करायचं असं: कापडाच्या दोन्ही किनारी एकत्र धरून ते समोर हवेत उभं धरा. खाली लोंबणारी घडी बघा. तिच्यावर तिरप्या सुरकुत्या दिसत असतील तर एक किनार हळूहळू डावी-उजवीकडे सरकवा. एका क्षणी घडी सरळ, गुळगुळीत लोंबेल. तेव्हा दुकानदाराने कापलेली कड एकमेकींना जुळणार नाही, दोन-तीन इंचांचासुद्धा फरक पडेल. पडू दे. कड जुळवायचा मोह झाला तर सगळं गेलं.

आता कापड मॅटवर, घडी तुमच्या पोटाकडे. रूलरवरची आडवी रेघ घडीवर बरोबर बसवा आणि वेडीवाकडी कड छाटून टाका. ही छाटलेली कड म्हणजे तुमचा शून्य. मग कापड न हलवता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जा, किंवा मॅटसकट सगळं फिरवा, आणि त्या शून्यापासून अडीच-अडीच इंचांच्या पट्ट्या मोजा.

तीन-चार पट्ट्यांनंतर रूलरची आडवी रेघ पुन्हा घडीवर ठेवून बघा. ती थोडी तरी घसरलेली असते. पुन्हा छाटा, पाव इंच कापड जाईल, जाऊ दे. सुरुवातीला दोनच थर. घडीची घडी करून चार थर कापलेत तर एका पट्टीत तीन ठिकाणी वाकडेपणा येतो.

मोजताना मॅटवरच्या रेघा वापरू नका. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच रूलर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रूलरवरच्या रेघांची जाडीही सारखी नसते. रेघ कापडाच्या कडेवर चढवायची की कडेला लागून ठेवायची हे एकदा ठरवा आणि अख्ख्या क्विल्टभर तसंच ठेवा. पट्टीमागे इंचाचा सोळावा भाग इकडे-तिकडे झाला तरी बारा चौकोनांच्या ओळीत पाऊण इंच होतो. मग कोपरे जुळत नाहीत आणि आपण बिचाऱ्या मशीनला दोष देतो.

चिंधी

एवढं सगळं वाचून मलाच भीती वाटायला लागली. आमच्याकडं वाकळ करताना कुणी रूलर बघितला नव्हता. जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी. दाताने किंवा कात्रीनं एक टक मारायचा आणि टर्रकन फाडायचं. फाडलेलं कापड धाग्यातच फाटतं, त्याला काटकोन शिकवावा लागत नाही. मग लुगड्याच्या थरावर तुकडे पसरायचे, कडा आत दुमडत जायचं आणि बाहेरून आत धावदोरा. बाळाला कोपरा जुळला का नाही ते कळत नाही गं, ऊब कळते. कापायची भीती वाटत असेल तर फाड.

सुईदोरा

चिंधीकाकू, हे वाचून बरं वाटलं :) फाडलेल्या पट्ट्या मशीनवर जोडता येतात का पण?

मापात_पाप

येतात, पण अडीच इंची पट्टीला फाडणं महागात पडतं. फाटलेल्या कडेला झालर येते आणि धागे ताणले जातात, दोन्ही बाजूंची जवळजवळ पाव-पाव इंच कड बिनभरवशाची होते. आणि क्विल्टमध्ये शिलाईची माया (टिपेबाहेर सोडलेली कड) असते तीच मुळी पाव इंच. म्हणजे बरोब्बर जिथे टीप जाणार तिथेच कापड लहरलेलं.

मागच्या बाजूचं अस्तर, रुंद बॉर्डर यासाठी मी स्वतः फाडतो. मोठा तुकडा सरळ करायला त्याहून सोपा उपाय नाही. चौकड्या-पट्ट्यांच्या छापील कापडात मात्र आधी कडेला फाडून बघा. बऱ्याचदा छपाईच धाग्याला तिरकी असते, मग फाडलेलं धाग्यात सरळ आणि डोळ्याला वाकडं दिसतं.

काकूंच्या वाकळीत आणि सुईदोरांच्या क्विल्टमध्ये फरक मापाच्या हौसेचा नाही, बांधणीचा आहे. वाकळीत तुकडा खालच्या थरावर बसतो. तो अर्धा इंच मोठा असला तर जास्त दुमडतो, लहान असला तर शेजारचा त्याच्यावर चढतो. चूक जागच्या जागी जिरते. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, हीही अशीच, कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने आत येणारी, मोजमाप न करता. मशीनवर चौकोनाला चौकोन जोडताना खाली थर नसतो, म्हणून चूक पुढच्या चौकोनाकडे जाते.

चिंधी

बरं बाबा, चूक जिरते म्हणालास ते पटलं. पण न मोजता म्हणजे अंदाजानं नव्हे हां. माझ्या सासूबाई वीतभर-चारबोटं असं मोजायच्या आणि वाकळ कडेला चारी बाजूंनी सारखी यायची. मोजायचं साधन हातातच होतं एवढंच.

मापात_पाप

मान्य. शब्द मागे.

उरेबपट्टी

ताई, मी लेडीज टेलर आहे, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. कात्रीने क्विल्ट होतो. पण ज्या कात्रीने दुधाची पिशवी कापता तिने नाही.

आठ ते दहा इंची शिवणाची कात्री घ्या, खालची मूठ मोठी आणि पातं मुठीपासून वळलेलं असतं ती. ते वळण असतं खालचं पातं टेबलावर सपाट राहावं म्हणून. नवीन माणूस कापड उचलून कात्रीत घालतो. कापड टेबलावरच राहिलं पाहिजे, डावा पंजा त्यावर सपाट, आणि खालचं पातं टेबलावरून सरकत गेलं पाहिजे. लांब काप घ्या. प्रत्येक कापाला कात्री टोकापर्यंत मिटू नका, मिटली की तिथे दाता राहतो. चारातले तीन हिस्से मिटायची, पुढे सरकवायची. वळायचं झालं तर कापड फिरवू नका, तुम्ही फिरा.

खडूची कड धारदार करून घ्या. बोथट खडूची रेघ दोन मिलिमीटर जाड येते, मग रेघेच्या आतून कापलं की बाहेरून यात तुमचा सोळावा हिस्सा कधीच निघून गेला. आंघोळीच्या साबणाची सुकलेली चीप माझ्या मते खडूपेक्षा बारीक रेघ देते. पांढऱ्या कापडावर दिसत नाही एवढंच.

कात्री चांगली आहे का बघायला दुकानात मलमलचा तुकडा घेऊन जा आणि फक्त टोकाने कापून बघा. टोकाला चावली तर घेऊ नका. आमच्यात मेरठच्या कात्रीला मान आहे, तिला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गाड्यांच्या भंगारातल्या पोलादापासून तिची पाती घडवतात, आणि धार लावून लावून ती वर्षानुवर्षं चालते. पण एकदा फरशीवर पडली की पाती एकमेकांपासून हलतात, नुसती धार लावून ती ठीक होत नाही. धारवाल्याला रिव्हेट (दोन पाती जोडणारा खिळा) बघायला सांगा.

रोटरी कटर मी टीशर्टच्या कापडाला वापरतो. ताणणारं कापड कात्रीने उचललं जातं, कटरने नाही.

पैलतीर

मिनेसोटाहून. इथे आमच्या गटातल्या आज्या सांगतात की त्यांच्या तरुणपणी सगळं कात्रीनेच होतं: पुठ्ठ्याचा चौकोन, पेन्सिलीची रेघ, कात्री. रोटरी कटर आला तोच १९७९ मध्ये, ओल्फा या जपानी कंपनीचा. तोपर्यंत अमेरिकेत झालेली सगळी नामांकित क्विल्ट कटरशिवाय झालेली आहेत. त्यामुळे कात्री म्हणजे कमीपणा असं मनात आणू नका. फक्त दीडशे-दोनशे चौकोन एकेक आखून कापायला जो वेळ लागतो तो तुमच्याकडे दिवाळीपर्यंत आहे का, ते बघा.

खूण करायची असेल तर एक सूचना. इस्त्री फिरवली की रेघ गायब होणारी पेनं मिळतात, बरीच जणं वापरतात. ती शाई उष्णतेने दिसेनाशी होते, जात नाही. कडाक्याच्या थंडीत परत उमटते. इथे जानेवारीत रात्रभर गाडीत राहिलेल्या क्विल्टवर सगळा आराखडा परत आलेला पाहिलाय. पुण्यात बहुधा काही होणार नाही, पण बाळ परदेशी जाणार असेल तर साबणाची चीप बरी.

डावखुरी_मी

कुणी डावखुऱ्यांसाठी लिहील का? माझ्या हातात कटर धरला की पातं रूलरच्या उलट बाजूला येतं.

कौलारू

डावखुरी, साध्या सरळ मुठीच्या बहुतेक कटरांत मधला स्क्रू काढून पातं दुसऱ्या बाजूने बसवता येतं. वळणदार मुठीचे काही कटर मात्र उजव्या हातासाठीच घडवलेले असतात, घेण्याआधी बघ. मग तुझं सगळं आरशातल्यासारखं: उजव्या हाताने रूलर, डाव्या कडेने काप, मोजायची छाटलेली कड तुझ्या उजवीकडे. रूलरवरचे आकडे दोन्ही दिशांनी छापलेले असतील तोच घे, नाहीतर दर वेळी उलटे वाचावे लागतात. आणि स्क्रू काढताना पात्यामागच्या चकत्या कशा क्रमाने होत्या याचा आधी मोबाइलवर फोटो काढ.

सुईदोरा

सर्वांचे आभार. रूलर सरकणं जवळजवळ थांबलंय! हात चालवत न्यायची युक्ती सगळ्यात कामाची ठरली, घासकागदाच्या टिकल्याही लावल्या. हवेत धरून घडी बघण्याचा प्रकार आधी वेडगळ वाटला, पण पट्ट्या आता सरळ येताहेत. मजा म्हणजे पात्याकडे सारखं बघावंसं वाटत नाही, रूलरकडे बघितलं जातं.

आता नवीन कटकट. काप छान जातो पण मधे मधे दोन-चार धागे तुटतच नाहीत. पट्टी ओढली की तिथे अडकते. जास्त जोर लावू का?

मापात_पाप

जोर अजिबात वाढवू नका. हात घसरून बोट कापलं जातं ते बहुतेक बोथट पात्याला जोर लावताना.

न तुटलेल्या धाग्यांमधलं अंतर मोजा. ४५ मिमीच्या पात्याचा घेर साधारण १४ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. दर साडेपाच इंचांवर धागे राहत असतील तर पात्याला एका जागी खांडा पडलाय. टाचणीवरून गेलं असेल किंवा रूलरच्या कोपऱ्यावर आपटलं असेल. अशा पात्याला इलाज नाही, बदला.

अंतर कसंही असेल, पण कापड हलवल्यावरही मॅटच्या त्याच जागी राहत असतील तर मॅटवर चर पडलाय. आपण सगळे मॅटच्या त्याच मधल्या रेघेवर कापतो. मॅट फिरवा, कड बदला.

काहीच नेम नसेल, सगळीकडे थोडे थोडे राहत असतील, तर आधी पातं उघडून साफ करा. पातं आणि मुठीच्या मधे कापसाची बारीक पूड साचते, ती पात्याला नीट फिरू देत नाही. मऊ कापडाने पुसा, मशीनच्या तेलाचा एक थेंब, पुन्हा पुसा, आणि पहिला काप चिंधीवर (काकू, तुमच्यावर नव्हे) घ्या म्हणजे तेलाचा डाग कामाच्या कापडावर येणार नाही. स्क्रू फार आवळला असेल तरी असं होतं. पातं फिरायला हवं, डुगडुगायला नको.

कागद, पुठ्ठा, कॉर्डुरॉयच्या जुन्या पँटी यांना नवं पातं लावू नका. उतरलेलं पातं कागदासाठी वेगळं ठेवा आणि त्यावर मार्करने फुली मारा.

खटपट्या

वाचनखूण साठवली! साडेपाच इंचांचा हिशोब कधी सुचला नव्हता.

मॅटबद्दल माझी भर: ती कायम सपाट ठेवा. उभी टेकवली, उन्हात गॅलरीत किंवा बंद गाडीत राहिली की वाकते आणि वाकलेली मॅट क्वचितच पूर्ण सरळ होते. तिच्यावर इस्त्री तर बिलकूल नको, आणि गरम चहाचा कपही नको.

सुईदोरा

साडेपाच इंचांवरच होते. पातं बदललं, लोण्यातून सुरी जावी तसं चाललंय.

आता शेवटचं. नाईन पॅच (तीन बाय तीन, नऊ छोट्या चौकोनांचा एक ब्लॉक) करायचंय. चौकोन शिवून झाल्यावर दोन इंचांचा, म्हणजे कापायचा अडीच इंचांचा. एका आड एक साधा चौकोन ठेवला तरी माझ्या हिशोबाने नाईन पॅचचे १८९ छोटे चौकोन कापावे लागतील. एवढे कापेपर्यंत बाळ शाळेत जाईल.

कौलारू

१८९ चौकोन कापायचेच नाहीत. पट्ट्या कापायच्या, शिवायच्या, आणि मग आडव्या कापायच्या.

तुझं माप धरून हिशोब करून देते. सहा इंची ब्लॉक, आडवे ६, उभे ७, एकूण ४२. त्यातले २१ नाईन पॅच, २१ साधे. कापडाचा पन्हा (रुंदी) ४४ असला तरी धुतल्यावर आणि किनारी सोडून ४२ इंच धर.

अडीच इंची गडद पट्ट्या ८, फिकट ७. गडद-फिकट-गडद असे तीन संच शीव आणि फिकट-गडद-फिकट असे दोन. शिवलेला संच बरोबर साडेसहा इंच रुंद भरला पाहिजे. नाही भरला तर कापण्यात नाही, पाव इंचाच्या मायेत फरक आहे, तो इथेच शोध. माया नेहमी गडद पट्टीकडे दाबून इस्त्री कर. मग प्रत्येक संच अडीच-अडीच इंचांवर आडवा काप. एका संचातून १६ तुकडे निघतात. तुला पहिल्या प्रकारचे ४२ लागतील आणि दुसऱ्या प्रकारचे २१, त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा दुसरा संच निम्मासुद्धा लागणार नाही. पहिला-दुसरा-पहिला असे तीन तुकडे जोडले की नाईन पॅच झाला. माया दोन्हींकडे गडदवर गेल्यामुळे जोडताना टिपा एकमेकींत आपोआप अडकतात आणि कोपरे बसतात.

साध्या चौकोनांसाठी साडेसहा इंची चार पट्ट्या, एकेकीतून सहा चौकोन. म्हणजे सगळं क्विल्ट मिळून १९ लांब पट्ट्या आणि बाकी छोटे काप. आडवे कापताना घडी नसते, संच एकेरी असतो, तेव्हा रूलरची रेघ मधल्या टिपेवर बसव, कडेवर नको. गडद आणि फिकट पाऊण-पाऊण मीटर घे, साधं कापड एक मीटर. तंतोतंत घेऊ नकोस, छाटण्यात जातं.

तिरके चौकोन, त्रिकोण या वेळी नको. त्रिकोणाची तिरकी कड उरेब (धाग्याला तिरपी) असते, नुसत्या इस्त्रीने ताणली जाते. पहिल्या क्विल्टला सगळ्या कडा उभ्या-आडव्या धाग्यातच असू देत.

चिंधी

सुईदोरा, कापड मऊ मलमलीचं असेल तर कापायच्या आधी खळ दे गं. तांदळाची पेज पातळ गाळून घ्यायची, नाहीतर साबुदाण्याची. कापड पिळून अर्धवट वाळलं की इस्त्री. कागदासारखं उभं राहतं, रूलरखाली लोळत नाही. जुन्या साडीचे तुकडे घालणार असशील तर खळ हवीच. आणि साडीचा बसायच्या जागेचा भाग घेऊ नकोस, तो विरलेला असतो. पदराकडचा आणि निऱ्यांमधला घे. सगळं शिवून झालं की धुऊन टाक, बाळाला खळ टोचते, आणि खळीचं कापड तसंच ठेवलं तर झुरळं लागतात.

गडद लाल किंवा निळं असेल तर आधी मिठाच्या पाण्यात नव्हे, नुसत्या साध्या पाण्यात वेगळं भिजवून रंग जातो का बघ. पांढऱ्या रुमालाचा तुकडा सोबत टाकायचा. रुमाल रंगला तर ते कापड बाळाच्या गोधडीत नको.

उरेबपट्टी

काकूंनी लाखाचं सांगितलं. खळ देऊन कापलेल्या मलमलला कात्रीसुद्धा चावत नाही.

सुईदोरा

आईची एक जुनी इरकल आहे, तिच्या निऱ्यांमधलं कापड घेतेय साध्या चौकोनांसाठी. खळ आजच देते.

उतरलेल्या पात्याचं काय करता? घरात मोठ्या भावाची लहान मुलं येतात, आणि कचऱ्यात तसंच टाकवत नाही.

खटपट्या

नवं पातं ज्या प्लास्टिकच्या डबीत आलं तीत जुनं परत घालायचं, डबीला चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर मोठ्या अक्षरात 'धारदार पातं'. डबी नसेल तर गोळ्यांची रिकामी बाटली किंवा पत्र्याची छोटी डबी. तुटलेल्या सुया, वाकलेल्या टाचण्याही त्यातच. भरली की सुक्या कचऱ्यात न मिसळता कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्यायची आणि काय आहे ते तोंडाने सांगायचं. त्या लोकांना कचरा हातानेच निवडावा लागतो.

पैलतीर

आणि मुलं येणार असतील तेव्हा कटर टेबलावर नाही, वरच्या फळीवर. कितीही बंद असला तरी. तो अंगठ्याचा खटका चार वर्षांच्या मुलाला सहज उघडतो.

डावखुरी_मी

पातं उलट बसवलं, चाललं! चकत्यांच्या फोटोबद्दल कौलारूंचे विशेष आभार, तो नसता तर एक चकती उरली असती. आम्ही रत्नागिरीला, पावसाळ्यात सगळ्याला गंज चढतो. सुटी पाती कशी ठेवता?

मापात_पाप

तेलाचा हात फिरवून, मूळच्या डबीत, डबी झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी. कटरमधलं पातं आठवडाभर वापरणार नसाल तर तेही तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा. वापरण्याआधी कोरडं पुसायचं, आणि पहिला काप टाकाऊ तुकड्यावर.